पांदणीपासून घाटापर्यंत : सायकलच्या वाटांची प्रतवारी



पुण्या-मुंबईकडे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेली आपल्या भागातली मुले सणासुदीला गावी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात अलीकडे एक नवा छंद ऐकू येतो. रविवारी भल्या पहाटे जाड टायरची, गिअरची सायकल काढायची आणि डांबरी रस्ता सोडून टेकडीवरच्या मातीच्या, दगडगोट्यांच्या वाटेने दोन-तीन तास हिंडायचे. या प्रकाराला तिकडे 'माउंटन बायकिंग' म्हणतात. आम्ही या लेखापुरते त्याला डोंगरसायकल म्हणू.

हे ऐकून गावातल्या जुन्या माणसाला हसू येते. "अरे, आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? वावरातून दुधाची कॅन बांधून गोट्यागाट्यातून सायकल आणली, तेव्हा कोणी टाळ्या नाही वाजवल्या!" हे बोलणे काही खोटे नाही. मात्र शहरातल्या या मंडळींनी एक गोष्ट शिकून घेतली आहे आणि ती आपण अजून मनावर घेतलेली नाही. ती म्हणजे वाटांची प्रतवारी. कापूस, सोयाबीन बाजारात नेताना आपण प्रत पाहतो. ज्या वाटेवरून आपली मुलगी रोज शाळेला सायकलने जाते, त्या वाटेची प्रत कोणती, हे मात्र आपण कधी पाहिलेले नसते. म्हणून हा विषय चार घटका करमणुकीपुरता नाही, असे आम्हांस वाटते.

हा खेळ निघाला कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या हौशी तरुणांनी जुन्यापुराण्या, वजनदार, जाड टायरच्या सायकली गोळा केल्या आणि डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने त्या खाली सोडायला सुरुवात केली. त्या सायकली म्हणजे आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलीच्या चुलतबहिणीच म्हणा ना! २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार! त्या सायकलींना उलटे पायडल मारून लावायचा, मागच्या चाकाच्या तुंब्यातला ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागायचे. त्यावरूनच शर्यतीला 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', हे नाव पडले.

पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठी म्हणून खास सायकलचा सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला मानाचे पान मिळाले. आपल्या देशातही ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे आशियाई डोंगरसायकल अजिंक्यपद स्पर्धा भरली होती.

या इतिहासातून आपल्या कामाची एकच गोष्ट घ्यायची आहे : उतारावर पहिली परीक्षा होते ती ब्रेकची. छातीची परीक्षा त्यानंतर.

प्रत ठरते कशावरून?

हा खेळ वाढला तसे कॅलिफोर्नियातल्या डोंगरवाटांवर तंटेही वाढले. पायी चालणारे म्हणू लागले की सायकलवाले अंगावर येतात. घोडेस्वार म्हणू लागले की जनावर बुजते. काही वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा सायकलवाल्यांनी शहाणपण केले. १९८८ मध्ये त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना बांधली, वाटांची निगा अंगावर घेतली आणि प्रतवारीचे नियम ठरवले. बर्फावर घसरण्याच्या खेळात चालत आलेल्या खुणाच त्यांनी घेतल्या : सोप्या वाटेला हिरवे वर्तुळ, मध्यम वाटेला निळा चौकोन, अवघड वाटेला काळी चौकट.

प्रत ठरवताना मुख्यतः चार गोष्टी पाहतात : वाटेची रुंदी, जमीन पक्की की भुसभुशीत, चढ-उतार किती, आणि आडवे येणारे गोटे-मुळ्या किती उंच.

हिरवी वाट निदान ३ फूट रुंद व पक्क्या जमिनीची हवी. सरासरी चढ १०० फुटांना ५ फुटांपर्यंत, आणि चुकवता न येणारा गोटा २ इंचांच्या वर नसावा. निळ्या वाटेला २ फूट रुंदी चालते. सरासरी चढ १०० फुटांना १० फुटांपर्यंत, आणि गोटा ८ इंचांपर्यंत. काळी वाट १ फुटाचीही असते. सरासरी चढ १०० फुटांना १५ फुटांपर्यंत जातो, आणि मध्ये १५ इंचांपर्यंतचे धोंडे किंवा तेवढी उडी असू शकते. त्याहूनही अवघड असा एक वर्ग आहे, पण त्याच्या नादी आपण लागायला नको.

आता कोणी म्हणेल, चढ मोजायचा कसा? त्याला इंजिनिअर लागत नाही. १० फुटांची सरळ बल्ली घ्या आणि गवंड्याची लेव्हल तिच्यावर ठेवा. बल्लीचे एक टोक वाटेवर चढाच्या बाजूला टेकवा आणि दुसरे उचलून बल्ली समपातळीत आणा. उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत ६ इंच अंतर भरले, तर चढ शेकडा ५. १२ इंच भरले तर शेकडा १०. १८ इंच भरले तर शेकडा १५. शेतात समपातळी चर आखणाऱ्यांना हे काम नवे नाही. दोन पोरे आणि एक बल्ली असली, तर गावची अख्खी पांदण एका सकाळीत मोजून होते.

आपल्या भागातल्या वाटा

पुण्याची मंडळी वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर किंवा बाणेर-पाषाणच्या टेकडीवर जातात. मुंबईकर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भाड्याने सायकल घेऊन कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा चढ चढतात. दुसरबीडच्या माणसाला इतक्या लांब जाण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आणि तिच्यातून निघालेल्या नद्यांनी आपल्या जिल्ह्यात तिन्ही प्रतींच्या वाटा करून ठेवल्या आहेत.

पहिली प्रत आपल्या पायाशीच आहे. मेहकरकडे जाणारा मोठा रस्ता राहेरीजवळ खडकपूर्णा ओलांडतो. नदीच्या अंगाने जिथे रान सपाट आहे, तिथल्या गाडीवाटा नवशिक्याला उत्तम. रुंदी भरपूर, चढ जवळपास नाहीच. धोका एकच : चाकोरी. काळ्या मातीत बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली चाकोरी उन्हाने वाळली की दगडासारखी कडक होते. सायकलचे पुढचे चाक तिच्यात उतरले आणि घाईने हँडल वळवले, की माणूस आडवा झालाच म्हणून समजा. दोन चाकोऱ्यांमधला गवताचा पट्टा धरावा, हे बरे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. भेग आडवी ओलांडली तर काही होत नाही. वाटेच्या दिशेने लांबवर गेलेली भेग मात्र चाक धरून ठेवते.

दुसरी प्रत मुरमाड माळाची. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजीराव जाधवांची समाधी आणि मोती तलाव पाहायला आपण नेहमी मोठ्या रस्त्याने जातो. कधी तरी गावागावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटांनी जाऊन पाहा. मधल्या माळावर मुरूम, सुटे गोटे, छोट्या नाल्यांचे उतार आणि लगेच समोरचा चढ, असा सगळा मेळ भेटतो. इथे गिअरची सायकल कामाला येते. मात्र गिअर चढ लागण्याच्या आधी बदलायचा असतो. अर्ध्या चढावर जोर लावून बदलायला गेले, तर चेन उतरते. सुट्या मुरमावर वळताना ब्रेक दाबू नये. वेग वळणाच्या आधीच कमी करावा.

तिसरी प्रत घाटाची. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावर वसले आहे. तेथून मलकापूरकडे राजूर घाटाने उतरावे लागते. हा वाहतुकीचा डांबरी रस्ता. त्याला काही डोंगरवाट म्हणता येत नाही. पण लांब उतारावर ब्रेक किती तापतो आणि मनगटे किती भरून येतात, हे तिथे कळते. ज्याने असा उतार हातात ठेवून उतरलेला नाही, त्याने दरीच्या अंगच्या पायवाटेवर सायकल घालण्याचे धाडस करू नये.

दोन ठिकाणांविषयी मात्र आम्ही स्पष्टच सांगतो. लोणारचे विवर आपल्या अगदी शेजारचे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, उल्कापाताने बसाल्टी खडकात झालेले आणि जगात नाव असलेले. त्याचा कडा पाहून तरुणांना वाटते, इथून सायकल खाली सोडावी. पण ते अभयारण्य आहे, आणि २०२० मध्ये त्याला रामसर यादीत जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला आहे. सायकल वर ठेवावी आणि नियमाने मुभा असेल त्या वाटेने पायी उतरावे. दुसरे ठिकाण बुलढाणा-खामगावच्या दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला 'वॉकर' नावाने गाजलेला वाघ शेकडो कोस चालून २०१९ च्या अखेरीस याच जंगलात आला होता. बिबटे आणि अस्वले तर तिथली कायमचीच. जंगलखात्याच्या परवानगीवाचून तिथल्या आडवाटेला जाणे म्हणजे संकटाला घरी बोलावणे होय.

समृद्धी महामार्गाबद्दलही दोन शब्द. तो आपल्या तालुक्यातून जातो आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई पूर्ण खुला झाला आहे. गुळगुळीत रस्ता पाहून पोरांना मोह होतो. पण सायकल, मोटारसायकल, बैलगाडी यांना तिथे मनाई आहे. ही मनाई आपल्याच जिवासाठी आहे.

सायकल कोणती, चालवायची कशी?

पहिल्या प्रतीच्या वाटेला घरची साधी सायकल पुरते. गिअर नको, महागडा सामान नको. मात्र जुन्या दांडीच्या ब्रेकवर दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा उतार उतरू नये. लोखंडी रिम ओली झाली की तो रबराचा तुकडा धरत नाही. माळावर जायचे तर जाड, गुट्टेदार टायर, दोन्ही चाकांना चांगले ब्रेक आणि घट्ट हेडसेट या तीन गोष्टी पाहाव्यात. गावातल्या सायकल दुकानदाराकडून एकदा नीट तपासून घेतले तर बिघडते कुठे?

उतरताना सीटवर बसून राहू नये. दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवावेत, बूड जरा उचलून मागे न्यावे, कोपरे सैल सोडावीत. नजर पुढच्या चाकावर न ठेवता पंधरा-वीस पावलांवर ठेवावी, कारण जिकडे नजर तिकडे सायकल. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. एकदम पुढचाच ब्रेक आवळला, तर माणूस हँडलवरून पुढे जातो. डोक्यावर हेल्मेट हवेच. "पांदणीत कसलं हेल्मेट?" म्हणून हसणारे पुष्कळ भेटतील, पण गोटा काही डांबरी रस्त्यापेक्षा मऊ नसतो.

सोबत पंक्चरचे सामान आणि पंप ठेवावा. आपल्याकडे बाभूळ, बोर, हिवर यांचे काटे आहेतच; त्याहून लबाड म्हणजे सराटा. तो जमिनीला चिकटून पसरतो, दिसत नाही, आणि एका दमात दोन्ही चाके बसवतो. पाणी भरपूर न्यावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत घरी परतावे. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाशी पैज लावून कोणी जिंकलेले नाही.

वाट जपली तरच वाट राहील

या खेळाचे चांगले दिवस म्हणजे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर सायकल घालूच नये. चाकाला गारा चिकटून चाक फिरत नाही, हा तर आपला त्रास. पण त्याहून मोठे नुकसान वाटेचे होते. ओल्या मातीत पडलेली चाकोरी पुढच्या पावसाचे पाणी ओढते, पाणी घळ पाडते, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा नाला होतो.

डोंगरवाटा बांधणाऱ्यांचे नियम वाचताना आम्हांस मौज वाटली, कारण ते आपल्या पाणलोटाच्या कामाचेच नियम आहेत. वाट उताराच्या सरळ खाली नेऊ नये, अंगाने न्यावी. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. वाटेची बाहेरची बाजू किंचित खाली ठेवावी, म्हणजे पाणी आडवे निघून जाते. थोड्या थोड्या अंतरावर वाटेला हलका उलटा चढ द्यावा, म्हणजे वाटेवरून धावणारे पाणी तिथे अडते आणि बाहेर पडते. ज्याने समपातळी चर खोदले, उताराला आडवी पेरणी केली, त्याला हे शिकवायला नको. पांदणीला तेच लावायचे एवढेच.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याच्या मनाची. वावरातून जाणारी वाट ही कोणाच्या तरी मेहनतीच्या कडेने जाते. हरभऱ्यात सायकल घालू नये, उघडलेले फाटक लावावे, पाण्याच्या पाइपावरून चाक नेऊ नये, बैलजोडी समोर आली तर उतरून बाजूला व्हावे. पायी चालणाऱ्याचा मान पहिला. कॅलिफोर्नियात हे पाळले गेले नाही तेव्हा वाटा बंद झाल्या. आपल्याकडे तर एक काटेरी फेस लावला की काम संपले.

आणि फेस लावणे हे आपल्याकडचे जुने दुखणे आहे. वाटणीगणिक वावरे लहान झाली, धुरे सरकले, पांदणी अरुंद झाल्या. काही तर नकाशावरच उरल्या. ऊस, कापूस बाहेर काढण्याच्या वेळी भांडण पेटते तेव्हाच पांदण आठवते. कायद्यात सोय आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. पण कचेरीची पायरी चढण्याआधी दोन्ही धुरेकऱ्यांनी ओसरीवर बसून चहा घेतला, तर ते अधिक स्वस्त पडते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

मुलींच्या सायकली

मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची योजना आली. ज्या घरात पूर्वी सातवीनंतर "लांब कुठं पाठवता पोरीला" म्हणून शाळा सुटत असे, तिथे एका सायकलीने पाच वर्षांचे शिक्षण पदरात पडू शकते. पण सायकल सरकार देऊ शकते. वाट आपणच राखायची असते. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, हिवाळ्यात कडक चाकोरी, वळणावर दोन्ही अंगांनी वाढलेले बाभळीचे झुडूप. अशा वाटेवर दफ्तर लटकवून चाललेली तेरा वर्षांची मुलगी हिरव्या वाटेवर नसते. कोणी न सांगता, न शिकवता ती निळ्या वाटेवर ढकललेली असते. शहरातला तरुण ती वाट रविवारी हौसेने, हेल्मेट घालून, चार मित्रांसोबत चालवतो. आपली मुलगी ती रोज एकटीने चालवते.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत शहरातून आलेली मुले आणि गावातली मुले यांनी मिळून आपापल्या गावच्या वाटा बल्ली-लेव्हलने मोजाव्यात. फाट्यावरच्या दगडाला रंग द्यावा : हिरवा, निळा किंवा काळा. शाळेची वाट जिथे निळी निघेल, तिथे ती हिरवी कशी होईल ते ग्रामपंचायतीत मांडावे. कुठे दोन ट्रॉली मुरूम लागेल, कुठे एक पाइप टाकून पाणी काढावे लागेल, कुठे नुसती झुडपे छाटून भागेल. श्रमदानाचे दोन दिवस आणि शेजाऱ्याचा होकार, एवढ्यात पुष्कळ वाटा सुधारण्यासारख्या आहेत.

एवढे झाल्यावर मग उरलेल्या निळ्या-काळ्या वाटा आपल्या तरुणांना खुशाल मोकळ्या! त्यांनी माळ पालथा घालावा, चढावर घाम गाळावा, पडावे, उठावे आणि उद्या आपल्यातल्या एखाद्या पोराने वा पोरीने स्पर्धेत नाव काढावे. शाळेची वाट मात्र आधी हिरवी झाली पाहिजे.